आबांची गाडी मिरवणुकीत का थांबली

“गाडीला काय बी झालेलं न्हाई, मॅडम. ह्यानंच मुद्दाम थांबवली,” आबा म्हणाले.

‘ह्यानं’ म्हणजे त्यांचा ड्रायव्हर बबन. तो वर्कशॉपच्या दाराशी हात मागे बांधून उभा होता. आबा बीड जिल्ह्यातल्या कडा गावाकडचे पुढारी. आदल्या दिवशी मिरवणुकीत त्यांची ऑटोमॅटिक एसयूव्ही नेमकी विरोधकांच्या ऑफिससमोर थांबली. इंजिन चालू होतं, गाडी हलत नव्हती. शेवटी कार्यकर्त्यांनी ढकलली. त्याचा व्हिडिओ गाडीच्या आधी बीडला पोचला.

अडचण अशी, की थोड्या वेळाने तीच गाडी व्यवस्थित चालली. मी बीडच्या ज्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, तिथेही ती स्वतः चालत आली.

“मंग तिथंच कावून थांबली? काय घेतलंस बे त्यांच्याकडून?”

“आईची आन आबा, आपुन कुनाकडं गेलतो का कधी?”

मॅनेजरनी मला बाजूला घेतलं. “ड्रायव्हरची चूक म्हणून लिही. विषय संपव.”

विषय संपला असता, बबनची नोकरीही. फितूर म्हणून हाकललेल्या ड्रायव्हरला त्या भागात दुसरं कोणी ठेवत नाही. मी वाद घातला नाही. “आधी टेस्ट घेते,” एवढंच म्हणाले.

हायवेवर गाडी उत्तम पळाली. परत आल्यावर वर्कशॉपच्या आवारातच मी ती मिरवणुकीच्या वेगाने फिरवायला लागले. एसी चालू, बाहेर एप्रिलचं ऊन, शेजारी बबन. गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर गिअरबॉक्स ऑइलचं टेंपरेचर चढत गेलं आणि खाली येईना. मग इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वाढायला लागला, वेग तेवढाच राहिला. याला आम्ही स्लिपिंग म्हणतो.

“काल अस्संच झालतं,” बबन म्हणाला.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत ऑइलमधून पोचते. त्यात ऑइल तापतं, हळू गाडीत तर जास्तच. म्हणून ते पाइपमधून पुढच्या जाळीमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातं आणि वाऱ्याने गार होऊन परत येतं. हा ट्रान्समिशन कूलर. त्याला वारा मिळाला नाही की ऑइल पातळ होतं आणि गिअर पकड सोडतात. गार झाल्यावर पकड परत येते. मालकाला वाटतं, ड्रायव्हर नाटक करतो.

ऑइल काढून पाहिलं. लाल असायला हवं होतं, तपकिरी झालं होतं आणि जळका वास येत होता. गुलाबी दुधासारखं असतं तर त्यात कुठून तरी पाणी शिरलं असा अर्थ झाला असता. तसं नव्हतं. कुठे गळतीही नव्हती. कूलर फुटला नव्हता, नुसता गुदमरला होता.

कशाने, ते दिसेना. समोरून जाळी चकाचक. बबन गाडी रोज धुतो. शेवटी बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, आणि त्यामागचा कूलर यांच्यामध्ये बोटभर फट असते. त्या फटीत गोधडीसारखा एक थर बसला होता. केशरी, गुलाबी, वाळलेला. मी स्क्रू ड्रायव्हरने एक तुकडा काढला. झेंडू आणि गुलाल.

“जेसीबी,” बबन म्हणाला.

आमच्याकडे पुढारी आला की जेसीबीच्या बकेटमध्ये पाकळ्या भरून गाडीवर ओततात. आबांना गावोगाव बोलावणं असतं. पाकळ्या बॉनेटच्या फटीतून आत जातात, फॅन त्या ओढून घेतो. वरून रोजचं पाणी. गुलालाचा चिखल होतो, मग तो वाळतो.

मी तो थर ट्रेमध्ये घालून आबांसमोर ठेवला. भोवती सहा-सात कार्यकर्ते होते. मला एरवी दोन माणसांसमोरही बोलायला जड जातं.

“हे काय?”

“झेंडू.”

“कुनाचा?”

“तुमच्या सत्काराचा. गाडी यानं थांबली.”

एका कार्यकर्त्याने फोन काढला आणि त्यात बघायला लागला. जेसीबी त्याचाच होता, हे मला नंतर कळलं.

“एसी गार होत न्हाई म्हनून मी कवाचा वरडायलो,” आबा म्हणाले.

“तेही यानंच. टेंपरेचरचा दिवा लागला असणार.”

“लागलाच की,” बबन पहिल्यांदाच वर बघून म्हणाला. “तुमाला म्हनलं तवा. तुमी म्हनले, चल, लोकं वाट बघायलेत.”

आबांनी पाकळ्या बोटाने उलट्यापालट्या केल्या. मग त्यांनी मॅनेजरला चहा सांगायला लावला. “बबनला बी द्या,” म्हणाले. माफी म्हणावी असं त्याहून जास्त काही झालं नाही.

कूलर साफ केला, ऑइल बदललं. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट थोडक्यात वाचल्या.

वाचकांसाठी एवढंच. एसी नरम, गिअर उशिरा पडतो, आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, जळका वास येतो, यातलं काहीही झालं तर गाडी बाजूला घ्या, ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगला, टाका आणि इंजिन चालू ठेवा, म्हणजे ऑइल फिरून गार होईल. मिरवणूक असली तरीही.

आबा आता मिरवणुकीत उघड्या जीपमध्ये उभे राहतात, बबनच चालवतो. पाकळ्या थेट त्यांच्याच अंगावर पडतात. त्याची तक्रार अजून आमच्याकडे आलेली नाही.