महादूच्या इंजिनातली सासू

मालवणच्या धक्क्यावर महादू कुबल इंजिन खोलून बसला की त्याच्या तोंडाला लागायची कोणाची छाती होत नसे. इंजिनाचे त्याला कोणी काही शिकवले नव्हते. लाँचवर तो आधी दोर ओढायचा. इंजिन बिघडले की खोलायचा, जोडायचा, आणि एकही स्क्रू हातात उरला नाही की स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायचा. भागांची नावे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून त्याने ती नातेवाइकांची ठेवली. जड चाक म्हणजे थोरला मामा, कारण तो हलता हलत नसे आणि हलला की थांबत नसे. तेलाची पिचकारी मारणारी तोटी म्हणजे काशीबाई. काशीबाई ही त्याची सासू. तोटी बिघडली की मिटत नाही, गळत राहते. सासूच्या तोंडाचेही तेच, असे महादूचे म्हणणे.

एकसष्ट साली फर्मान आले, की सर्टिफिकेट नसलेल्याने लाँचचे इंजिन चालवायचे नाही. मालकाने रत्नागिरीहून सर्टिफिकेटवाला आणायची भाषा सुरू केली. म्हणजे महादू पुन्हा दोरावर, तेही त्याच लाँचच्या! बायको तुळसा पुस्तक घ्या म्हणून मागे लागली, तर हा म्हणाला, "माका शिकवतलो कोण?" आणि पुस्तकाशिवायच परीक्षेला बसला.

परीक्षेला आलेले साहेब चांगले मुरलेले होते. त्यांनी मुद्दाम इंजिनात खोट करून ते सुरू करवले. काळा धूर, वर ठकठक. "काय बिघडलंय? बोट दाखवायचं नाही, नाव सांगा."

तोटी गळतेय हे महादूने लगेच ओळखले. तोंड उघडले आणि तसेच मिटले. जावई पास व्हावा म्हणून देवाला नारळ ठेवून काशीबाई नेमकी साहेबांच्या मागे येऊन उभी होती.

"ती... ती आपली..."

साहेबांनी पेन उचलले.

"जावयानू, लाजतास कित्याक?" काशीबाई कडाडली. "काशीबायचा तोंड मिटणा नाय म्हणान सगळ्या धक्क्याक सांगतास, तां सायबाक सांगूक काय झाला?"

धक्का हसून लोटपोट झाला. महादूने मान खाली घालून सगळे कबूल केले. साहेबांनी डोळे पुसले, "नोझल म्हणतात हो तिला," असे बजावले आणि पास केले. तोटी बदलली, इंजिन गुण्यागोविंदाने चालू लागले.

"आता घराकडे चला," काशीबाई म्हणाली. "माका थोडा बोलूचा आसा."

महादूने ते धडधाकट इंजिन पुन्हा खोलायला घेतले.