ज्वारीएवढी अंडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काल लेकीच्या कॉलेजात फॉर्मॅलिनचा वास नाकात शिरला आणि वीस वर्षांपूर्वीची आमची प्रयोगशाळा आठवली. त्या दिवशी दुपारी माझ्या मार्गदर्शक सरांना काही नवीन दाखवलं नाही तर माझं संशोधन बंद होणार होतं. मेणाच्या ट्रेमध्ये कर्नाटकातल्या मलनाडच्या डोंगरी झुडपांतली, अंगठ्याच्या पेराएवढी बेडकी मी चिरली होती. पोटात शेकडो बारीक अंडी असायला हवीत, तर हिच्यात जेमतेम वीस, पिवळी आणि टपोरी. रोगट म्हणून मी ती फेकायला निघालो, तोच बरण्या धुणारी बेळगावकडची अक्का ओरडली, “थांबा हो अण्णा! तळ्यातल्या बेडकीची अंडी मोहरीएवढी, ही ज्वारीएवढी. पिल्लं पाण्यात सोडायची असती तर एवढी शिदोरी कशाला बांधली असती तिनं?” मी घाईघाईनं आणखी दोन बेडक्या चिरल्या, त्यांच्याही पोटात तसंच. म्हणजे ही जात ओल्या मातीत अंडी घालणारी, आतल्या बलकावर वाढून, बेडूकमासा न होता, अंड्यातून थेट इवलासा बेडूकच निघणार! सरांनी भिंगातून पाहिलं आणि खुर्चीतून उठून मला मिठीच मारली. “कुणाच्या लक्षात आलं हे?” “माझ्या,” मी म्हणालो. दारात अक्का ओल्या हातांनी टाळ्या पिटत होती, “सरी! बरोब्बर! आमचे अण्णा जिंकले!” तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. आज मी प्राध्यापक आहे, अक्का बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याला मुलाकडे असते. ते तिनं ओळखलं होतं, हे चारचौघांत, तिच्यादेखत सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.