शरणपूरचा चाफा

पंचवटीच्या बाजारात चाफ्याचा वास आला की अजूनही माझे हात गार पडतात.

मी दहा वर्षांची होते. बाजारात विकायला आमच्या मळ्यातला चाफा कमी पडला, म्हणून आई मला पहाटेच शरणपूरच्या जुन्या कबरस्तानात फुलं वेचायला घेऊन गेली. "बाजारात बोलू नको कुणाला. इथलं फूल देवाला कोण घेईल?" तिनं बजावलं. "आन् त्या कोपऱ्यात जाऊ नको. तिथं हबशी पुरलेत, धरतील."

तेवढ्यात राखणदाराची बॅटरी चमकली. घाबरून मी नेमकी त्याच कोपऱ्यात पळाले आणि एका कबरीआड आडवी झाले. दगड ओला होता. आता खालून हात येणार, म्हणून मी श्वास रोखून धरला. कितीही आखडले तरी पाय कबरीच्या बाहेरच राहत होते.

परवा लेकीनं कुठूनसं वाचून दाखवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं इंग्रजांनी नाशकात, शरणपूरला आणून ठेवली होती. त्यातल्या काहींना घर पुन्हा दिसलंच नाही; ती तिथंच पुरली गेली.

मला एकदम माझे ते बाहेर राहिलेले पाय आठवले. ज्याला मी भ्याले होते, ते माझ्याहून लहान होतं.