तिसऱ्या कडव्याआधीचा श्वास

कपड्यांच्या त्या तीनमजली दुकानात जिन्याखालच्या खोलीत एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि एक म्हातारे शिंपी, एवढा संसार होता. गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करायची, कोटाची बाही आखूड करायची, असलं काम. वरच्या मुली त्यांना शिंपीकाका म्हणत. बोलायला गोड, हाताला सफाई आणि रविवारची उपासना चुकवायची नाही म्हणजे नाही.

डिसेंबर लागला तशा दुकानात चांदण्या टांगल्या गेल्या आणि स्पीकरवर नाताळची गाणी सुरू झाली. दुसऱ्याच गाण्याला काकांचं मशीन थांबलं. तो आवाज त्यांच्या बायकोचा होता. चर्चच्या गायकवृंदानं कोणे एके काळी ते गाणं रेकॉर्ड केलं होतं आणि त्यात एकटीनं गायच्या ओळी तिच्या वाट्याला आल्या होत्या. ती जाऊन आठ महिने झाले होते. घरात तिचा चष्मा होता, चपला होत्या, पण आवाज कुठेच उरला नव्हता. घरची कॅसेट केव्हाच गुंता होऊन फुकट गेली होती.

आणि तो आवाज आता इथे, मोज्यांच्या ढिगावर.

तिसऱ्या कडव्याआधी ती श्वास घ्यायची. किंचित ओढून, विंगेतून पाऊल टाकण्याआधी नट घेतो तसा. नेमकं तिथेच गाणं दबायचं आणि घोषणा व्हायची, दोन मोज्यांवर एक मोफत. ती संपेतो कडवंही संपलेलं असे. दिवसातून वीसदा ती श्वास घेई आणि वीसदा मोजे येत. संध्याकाळी काका कुलूप काढत, तर तो श्वास त्यांच्या आधीच घरात पोचलेला. स्वयंपाकघरात, कपाटामागे, शेजारच्या उशीवर. पुढे मात्र ती गात नसे.

पाचव्या दिवशी काका मॅनेजरबाईंपुढे उभे राहिले. ही प्रार्थना आहे, ती मोजे खपवायला वापरू नये, देवाचा मान राखावा, असं त्यांनी सांगितलं. बायकोचा विषय काढला नाही. बाई भल्या होत्या. कुणाचं मन दुखवून सण कसला, असं म्हणून त्यांनी गाणं काढून टाकलं. त्या जागी नुसत्या घंटा आल्या.

दोन दिवस काकांनी देवाची बाजू राखल्याच्या समाधानात काढले, निदान तसा प्रयत्न केला. कान मात्र फितूर झाले होते. प्रत्येक घंटेनंतर ते वाट बघत.

तिसऱ्या दिवशी गल्ल्यावरची मुलगी कुणाची तरी पँट घेऊन खाली आली. देवाधर्माशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

"काका, ते जागा न मिळालेल्या बाईचं गाणं का हो बंद झालं?"

"कुठल्या बाईचं?"

"अहो, दिवस भरलेत तिचे, आणि कुणी दार उघडेना. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून ऐकायचे. मग बाळ ठेवलं कुठे तिनं? तिथेच ती मोज्यांची टकळी लागायची."

गव्हाणीत, एवढा एक शब्द ओठावर यायला काकांना वेळ लागला. साठ नाताळ पाहिलेल्या माणसाला तेव्हा कळलं की या गाण्यातलं अक्षरही त्यांनी ऐकलं नव्हतं. बाळ, मेंढपाळ, सगळं डोक्यावरून गेलं होतं. ऐकली ती फक्त बायको. दुकानात खरी ऐकणारी ही एकटी, आणि देवाच्या नावानं तिचंच गाणं त्यांनी काढून घेतलं होतं.

ते तडक वर गेले. लावायचं की काढायचं ते एकदा ठरवा, असं म्हणत बाई वैतागल्या.

"लावा," काका म्हणाले. "मी देवाला उगाच पुढे केलं. गाते ती माझी बायको आहे. होती."

 मोजे रद्द होणार नव्हते, पण घोषणा गाणं संपल्यावर द्यायचं बाईंनी कबूल केलं.

गाणं लागलं तेव्हा काका जिन्यात त्या मुलीशेजारी उभे होते. या खेपेला बाळाकडेच लक्ष द्यायचं, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं. तिसरं कडवं आलं आणि सरलं.

"झाली म्हणजे बाळाची सोय," मुलगी हळूच म्हणाली.

काकांनी मान हलवली. त्यांना पुन्हा एक शब्दही ऐकू आला नव्हता.