अप्पांची फ्रेंच चौकशी

ठाणाकुशनूरच्या फाट्यावर तुळजाराम अप्पांचं सरकी पेंडीचं दुकान आहे आणि त्यांच्यासमोरून कुणाला मुकाट्यानं जाता येत नाही. कवा उठलास, च्या झाला का, काय खाल्लास, कुठं निघालास. मराठीवाल्याला मराठीत, कानडीवाल्याला कानडीत, ट्रकवाल्याला तेलुगूत नाहीतर दखनीत. उत्तर कुणी ऐकत नाही. ‘झालं’ म्हणायचं, उलट ‘तुमचं?’ विचारायचं आणि सुटायचं. उलट न विचारणारा माणूस रुसलाय, असं गाव समजतं.

अप्पांचा मुलगा अनिलकुमार फ्रान्सात लियाँला नोकरीला गेला आणि तिथल्या माथिल्दशी लग्न करून मोकळा झाला. दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. सून हात जोडून हसायची, अप्पाही हसायचे, आणि दोघंही फोटो काढायला बसवल्यासारखे तसेच बसायचे. चार भाषांत चौकशी करणारा माणूस सुनेपुढं मुका, हे अप्पांना फार खुपायचं. पोरगी आपली झाली का न्हाई, हे इचारल्याबिगर कळणार कसं?

त्यांनी मुलाला ते प्रश्न घरगुती फ्रेंचमध्ये बोलून पाठवायला सांगितलं. तिकडं सासरे असं विचारत नाहीत, असं तो म्हणाला.

“मग तिकडचे सासरे करतेत तरी काय?” अप्पा म्हणाले.

प्रश्न आले. पेंड तोलता तोलता पाठांतर सुरू झालं. “तु त लॅव आ केलर?” म्हणजे कवा उठतीस. ते गिऱ्हाइकांवरही आजमावून झालं. हावगेप्पानं तर सवयीनं “झालं, तुमचं?” म्हणून पोतं उचललंसुद्धा.

रविवारी अप्पांनी सुनेला चारही प्रश्न एका दमात विचारले. माथिल्द आधी चमकली, मग खुलली आणि बोलतच सुटली. अप्पा प्रश्न तेवढे शिकले होते. उत्तरं कुणी शिकतं का? ते “व्हय, व्हय” करत राहिले. मागून अनिलकुमारनं सांगितलं की ती उभ्यानंच कॉफी पिते, मग बस पकडते. उभ्यानं खाणं म्हाळसाबाईंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, मुळीच पटलं नाही.

पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. सून रंगात येऊन सगळं सांगायची, पण उलट एक अक्षर विचारायची नाही. अप्पा हळूहळू मिटत गेले. म्हाताऱ्याचं मन राखायलीय बिचारी, एवढंच ते बायकोला म्हणाले. मग एका रविवारी त्यांनी फोन घेतलाच नाही. रेंज न्हाई म्हणून सांग, असं बायकोला म्हणाले. रेंज भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. पडद्यावर माथिल्द एकटीच, बसस्टॉपवर, हातात कॉफी. तिनं कागदात बघितलं, कागद खिशात घातला आणि म्हणाली, “अप्पा, च्या पिलाव का?”

दुकानात गिऱ्हाईक होतं. जन्मभर या प्रश्नाला ‘झालं’ म्हणत आलेले अप्पा पोत्यावर टेकले आणि पहाटेपासून सांगू लागले: शेळीनं दावं कसं तोडलं, च्यात साखर कशी कमी पडली, म्हाळसाबाई त्यावर काय म्हणाल्या. माथिल्दला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. पण जिथं थांबायला हवं तिथं अप्पा थांबत होते, आणि तिथं ती बरोबर म्हणत होती, “व्हय, व्हय.”

तिची बस आली आणि गेली. अप्पा अजून न्याहारीपर्यंत पोचले नव्हते.