नुसती फ्रेम

आखातातल्या अल ऐनमधली आमची ही शेजारीण कुणाच्याही घरी गेली, तरी आधी भिंतीवरची वाकडी तसबीर एका बोटाने सरळ करायची आणि मगच बसायची. तिच्या आर्ट गॅलरीत आपली मराठी माणसं रंग जुळवायला पडद्याचा तुकडा घेऊन यायची. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "पडदे शेजारच्या दुकानात मिळतात."

इतक्या वर्षांची ती गॅलरी बंद करून ती आता हॉस्पिटलमध्ये, पक्षाघाताने हात लुळे पडलेल्यांना चित्रं काढायला शिकवणार होती. कधी पायरी न चढलेले लोक शेवटच्या दिवशी मात्र जमले. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे एक पदाधिकारी तिने स्वतः काढलेल्या चित्रापाशी थांबून म्हणाले, "ताई, फ्रेम छान आहे. मुलाच्या डिग्रीच्या फोटोला होईल. चित्र राहू द्या."

माझं डोकंच फिरलं. ती मात्र खाली बसली, तिने मागचे खिळे उपटून चित्र सोडवलं आणि रिकामी फ्रेम त्यांच्या हातात दिली. ते खुशाल घेऊन गेले.

"दिलीस कशी गं त्या माणसाला?" मी फणफणले.

"चित्र त्यांच्या घरी जायचं वाचलं ना," ती म्हणाली. "खलास. धर चित्राचं हे दुसरं टोक."