बाराव्या रात्रीचा हिशेब

माझं माहेर महाडचं. वडील शाळामास्तर, त्यामुळे मला लिहिता-वाचता येत होतं. पोलादपूरकडच्या डोंगरवाडीत दिल्यावर त्या विद्येचा उपयोग एवढाच, की मुंबईला गिरणीत असलेल्या नवऱ्याला पत्रं लिहायची. त्यातलं सगळ्यात अवघड पत्र सासूबाईंनी लिहायला लावलं, दुसऱ्या मुलीनंतर.

त्या महाडच्या एका जोशीबुवांना विचारून आल्या होत्या. बाई बाहेर बसते त्या दिवसापासून रात्री मोजायच्या. सम रात्री गर्भ राहिला तर मुलगा, विषम रात्री राहिला तर मुलगी.

"मागल्या दोन्ही खेपंला चुकलं गो," त्या म्हणाल्या. "या येळंला बारावी रात धरायची. लिही त्याला, ये म्हणून."

"कारण काय लिहू?"

"लिही, राब भाजायचा हाय."

भाताचं रोप पेरायची जागा पालापाचोळा पसरून भाजायची, हे काम आम्ही दोघी दरसाल करत होतो. त्यासाठी मुंबईहून माणूस कशाला? तरी तसंच लिहिलं, आणि यायच्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या. लाज वाटत होती, पण त्याहून विचारच जास्त येत होते. पहिली रात्र नेमकी कोणती धरायची? बाहेर बसल्याची, की चौथ्या दिवशीच्या न्हाण्यानंतरची? एकीनं तिथून आणि दुसरीनं इथून मोजलं, तर पोटातल्या पोराला कसं कळायचं, कोणाचं खरं ते?

नवरा ठरल्या दिवशी तिन्हीसांजेला पोचला. रजा चार दिवसांची, पण आगबोट, बाणकोटला भरतीची वाट बघणं, पडावानं खाडीतून दासगाव आणि पुढची चाल यातच जाता-येता ती संपणार होती. एकच रात्र घरी मिळाली. भाजून झालेला राब बघून तो म्हणाला, "मग मला कशाला बोलावलं?"

मी खरं ते सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, "आणि मुलगीच झाली तर?"

"तर जोशीबुवा खोटे."

"झाली तर तिलाबी लिहायला शिकव."

पौषात, भर दुपारी मी बाळंत झाले. सुईण म्हणाली, "पोरगी हाय." दारात उभ्या सासूबाई अंगणाकडे वळल्या. तेवढ्यात सुईण ओरडली, "अगो, चाललीस कुठं? अजून एक हाय!"

दुसरा मुलगा होता.

सासूबाईंना आनंद झालाच, पण त्याआधी त्या गोंधळल्या. माझ्या उशाशी बसून हळूच म्हणाल्या, "एकच रात होता ना गो तो घरी?"

"एकच."

बारसं उरकल्यावर त्या पुन्हा महाडला जाऊन आल्या. जोशीबुवांनी सांगितलं होतं, रात्र बारावी खरी, पण पहाटेला तेरावी लागली असणार.

"पण आत्याबाई, मुलगी तर आधी आली," मी म्हटलं.

"तेच मी बी ईचारलं. तर म्हणाला, बायकांनी एवढं ईचारू नये."

त्यानंतर आम्हा दोघींना जणू नादच लागला. पाणवठ्यावर, लावणीच्या बांधावर, जी भेटेल तिला विचारायचो. मुलगा झालेली प्रत्येक जण ठासून सांगे, जोडीची, म्हणजे सम रात्र होती. "आधी मोजली होतीस का?" म्हटलं की हसून घागर उचले. सुईणीला विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या हातावर पोर येतं बाय, रात येत नाय."

पुढं धाकट्या दिराचं लग्न झालं. तोही मुंबईलाच. पहिल्या शिमग्याला तो यायचा होता, तेव्हा नव्या जाऊबाईंनी लाजत सासूबाईंना विचारलं, "आत्याबाय, रात कंची धरायची?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवरा घरी पोचंल ती."